चित्रकलेकडून संगणकाकडे जाणारी वाट

दादरला राहणारी माझी भाची उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सॉफ्टवेअरमध्ये जायचे ठरवल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. चित्रे काढणाऱ्या मुलीला हे जमणार नाही, असे तिचे वडील म्हणतात, तर आईने सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारा एक क्लास शोधूनही ठेवला आहे. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण लोअर परळमधल्या जाहिरातीच्या नोकरीतून मी स्वतः याच वाटेने लंडनला आलो.

आर. के. जोशी यांचे उदाहरण मुंबईनेच विसरावे, याचे मला वाईट वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेल्या या सुलेखनकाराने पुढे संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला, आणि विंडोजमधून तो घरोघरी पोहोचला. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' आणि मग वेलांटी टंकतो, पण पडद्यावर वेलांटी आधी यावी लागते. 'कीर्ती'तला 'र' तर 'त'च्या आधी टंकला जातो आणि रफार होऊन शेवटच्या वेलांटीच्या माथ्यावर जाऊन बसतो. हे सारे संगणकाला नियमांच्या रूपात सांगावे लागते, आणि तो नियम नेमका कसा असावा हे ज्याच्या बोटांत अक्षर मुरलेले आहे त्यालाच नीट कळते.

मात्र कलेच्या जाणिवेने अभ्यास टळत नाही. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत इतर विषयांच्या पदवीधरांसाठी संगणकशास्त्राची एक वर्षाची एमएस्सी असते, तिला कन्व्हर्जन कोर्स म्हणतात. तो मी केला तेव्हा रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी आज्ञावली, समजायलाच मला दोन महिने लागले. सगळ्या वर्गासमोर आपले काम तपासून घेण्याची आणि ते पुन्हा करण्याची कलाशाळेतली सवय कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांकडून कोड तपासून घेताना, उपयोगी पडली, हे खरे. पण डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती मांडून ठेवण्याच्या रचना, मुळापासूनच शिकावी लागली. सहा महिन्यांत हे होत नाही.

आपल्याकडे एमसीए या संगणकाच्या पदव्युत्तर पदवीसाठी बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट वर्षानुवर्षे राहिली, आणि कलाशाखेच्या बहुतेकांची वाट तिथेच अडली. कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी, असे 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेले आहे. मग मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात गणिताच्या पायाभरणीसह असा एक वर्षाचा, माफक शुल्काचा अभ्यासक्रम का असू नये? परदेशाची वाट मी सरसकट सुचवणार नाही. माझे शैक्षणिक कर्ज फिटायला पाच वर्षे लागली, आणि यंत्रच कोड लिहू लागल्यापासून इथेही नवख्यांना पहिली नोकरी मिळणे अवघड झाले आहे.

क्लासचे पैसे भरू नकोस, असे मी भाचीला कळवले आहे. दर रविवारी आम्ही दोघे फोनवरून तिने रेखाटलेल्या अक्षरमालेचा फाँट तयार करतो. सध्या तिचा रफार काही जोडाक्षरांवर चुकीच्या जागी बसतो, आणि तो नियम ती स्वतः शोधते आहे.