कमला हॅरिस, मोत्यांची माळ आणि ‘पहिली’ सोरोरिटी

‘कमला हॅरिस यांनी हॉवर्ड विद्यापीठात अमेरिकेतली पहिली सोरोरिटी स्थापन केली, म्हणून त्या मोती घालतात,’ असा मजकूर फिरतो आहे. सोरोरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतली विद्यार्थिनींची संघटना. मोत्यांचा धागा तेवढा खरा, बाकी गोंधळच.

त्यांची संघटना आल्फा कप्पा आल्फा. तिची स्थापना १५ जानेवारी १९०८ ला झाली, म्हणजे हॅरिस यांच्या जन्माच्या ५६ वर्षं आधी! त्या १९८६ मध्ये सभासद झाल्या, तेही हॉवर्डच्याच मूळ ‘आल्फा’ शाखेत. पहिली म्हणायचंच, तर ती कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ग्रीक अक्षरी नावाची पहिली सोरोरिटी. पाय बीटा फाय ही दुसरी सोरोरिटी तर १८६७ चीच. पण तेव्हा अशा मंडळांची दारं कृष्णवर्णीय मुलींना बंद होती, हे फॉरवर्डवाले गाळतात.

आता मोती. एथेल हेजमन यांच्या पुढाकाराने जमलेल्या नऊ जणी, त्याच वर्षी आलेल्या सात आणि १९१३ मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी करणाऱ्या चार, अशा वीस जणींना तिथे ‘वीस मोती’ म्हणतात. माळ त्यांच्या आठवणीची. गुलाबी आणि हिरवा हे त्यांचे रंग. सभासद एकमेकींना ‘स्कीवी’ अशी किणकिणती हाळी देतात. तो कुठला गुप्त संकेत नव्हे.