नळी, निळी आणि मी

जुनी रायफल विकणारा माणूस हमखास एक वाक्य बोलतो, "फारशी चाललेली नाही." स्थळ सांगून आलेल्या मुलाबद्दल "स्वभावाने शांत आहे" म्हणतात, त्याच जातीचं हे वाक्य. खोटं नसतं, पण खरं काय ते घरी आणल्यावरच कळतं.

कागदपत्रांचं सगळं रीतसर पार पडलं आणि रायफल घरी आली. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना, हे मी तीनदा बघितलं. नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, काढून ठेवला आणि मागच्या बाजूने नळीला डोळा लावला. पलीकडे उजेड दिसला, म्हणजे नळी आरपार होती. माझी पारख इथे संपली.

नळी २४ इंची. भोक ७.६२ मिलिमीटरचं, करंगळीसुद्धा जाणार नाही असं. आत मळसूत्री खाचा, जेमतेम ०.१ मिलिमीटर खोल, दर १२ इंचांना एक पूर्ण वळसा घेणाऱ्या. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते. सेकंदाला ८०० मीटर वेग धरला, तर फेरे होतात अडीच हजारांच्या वर. मळसूत्री या शब्दात 'मळ' का आहे, ते मला पहिली चिंधी बाहेर आली तेव्हा कळलं.

चिंधी म्हणजे सुती कापडाचा छोटा चौकोनी तुकडा. तो सफाईच्या गजाच्या टोकाला, जॅग नावाच्या बोंडावर लावायचा, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवात, भिजवायचा आणि नळीतून पुढे ढकलायचा. ढकलायचा मागून पुढे, पुढून मागे कधीच नाही. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, गजाने घासली गेली की नेम बिघडतो. गोळीला सोडताना शेवटचा हात ती कड लावते. ती एका बाजूने झिजली तर गोळी त्या घरचा राग पुढे निशाणावर काढते. हे सगळं मला क्लबातल्या एका जुन्या नेमबाजांनी सांगितलं. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी गज मागून सरळ आत जावा म्हणून बोअर गाइड नावाची नळकांडीही घ्यायला लावली. नळीत घालायची नळी. सफाईचा पसारा आता रायफलीपेक्षा जास्त जागा व्यापतो.

पहिल्या दिवशी चिंध्या काळ्या निघाल्या. हा बारुदाचा कोळसा. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे शाळेत पाठ केलं होतं, पण तो उगाळायला इतकं महाग सॉल्व्हंट लागतं हे कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काळं कमी झालं आणि निळं सुरू झालं.

निळं म्हणजे तांबं. गोळीवरचं तांब्याचं वेष्टण घासून नळीत पातळ थरात बसतं आणि अमोनियाचं सॉल्व्हंट ते विरघळवतं. तेव्हा चिंधी निळीशार होते. दिसायला देखणा रंग, पण वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. बायको काही बोलली नाही. उठून एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या. त्या आवाजात बरंच काही होतं.

मी हट्टाला पेटलो. तांब्याच्या थराखाली गंजाचे खड्डे लपलेले असू शकतात, हे कुठूनसं कळल्यापासून झोपही लागेना. ब्रश, सॉल्व्हंट, चिंधी. निळी. परत ब्रश. परत निळी. आधीच्या मालकाने किती गोळ्या झाडल्या असतील याचा हिशोब मी मांडायला लागलो आणि दर रात्री त्याला एकेक लढाई जास्त लढायला लावली. जुनी बनियनं संपली, मग जरा कमी जुनी. आठव्या रात्रीही चिंधी निळीच.

शेवटी मी पुराव्यादाखल चिंध्यांची पिशवी काकांपुढे ठेवली. त्यांनी ती बघितलीही नाही. "ब्रश कसला वापरतोस?"

"ब्रॉंझचा."

"आणि चिंधीचा जॅग?"

"पितळी."

"ब्रॉंझमध्ये काय असतं? पितळेत?"

मी गप्प. तांबं, दोन्हींत तांबंच. नळी बहुधा चार दिवसांपूर्वीच साफ झाली होती. त्यानंतर मी रोज रात्री, डोळे चोळत, माझा स्वतःचा ब्रश विरघळवत होतो. नीट बघितलं तर त्याचे केस खरंच विरळ झाले होते. माझेही, पण त्याला सॉल्व्हंट कारण नाही.

नायलॉनचा ब्रश आणला, निकेलचा मुलामा असलेला जॅग आणला. दोन चिंध्या घातल्या, दोन्ही पांढऱ्या. गंजू नये म्हणून तेलाचा हलका हात फिरवला. रेंजवर जाताना ते तेल कोरड्या चिंधीने पुसून काढलं आणि काकांसमोर ऐटीत आडवा झालो. पहिली गोळी वर डावीकडे, दुसरी भलतीकडेच. तिसरी कुठे गेली ते कागदाला कळलं नाही.

"होतं असं," काका म्हणाले. "एकदम कोरी झालीय ना नळी. दहा-बारा गोळ्या जाऊ दे, जरा थर बसू दे, मग जमेल. आणि आता लगेच घासत बसू नकोस."

काकांचं म्हणणं खरं निघालं. बाराव्या गोळीनंतरच्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या.

मी घरी आलो. हातात रायफलीची पेटी बघून बायको खिडकीकडे वळली.

"राहू दे," मी म्हटलं, "आज साफ करायची नाही. आत जरा मळ असला की बरी चालते म्हणे."

खिडकीच्या कडीवरचा हात तिने तसाच ठेवला.

"म्हणजे आणली होती तशी?"