मोटिवेशनला ऊन दाखवा

पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, दिवसाची तीन उद्दिष्टं वहीत लिहा आणि स्वतःचे बॉस व्हा, असं रीलमधून सांगणाऱ्यांनी मे महिन्यात आठवडाभर कुडाळ-मालवणकडे येऊन रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. स्वतःचा बॉस वगैरे काही नसतं. बॉस रातांबा असतो. झाडावरून उतरून ढिगात पडला की दोन-तीन दिवसांत तो मऊ पडतो, मग चिलटं येतात, आणि मध्येच वळीव कोसळला तर तेवढीही मुदत नाही. कोकम सरबत करणाऱ्याला मे महिन्यात प्रेरणा कुठून मिळते, असं कुणी विचारलं तर त्याला सरळ क्रेट दाखवावं.

कामाचा वेग वाढवण्याची पोमोडोरो नावाची एक इटालियन युक्ती हल्ली फार चालते. फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने 1980 च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून ती शोधली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. इटलीत चालत असेल. आमच्याकडे 25 मिनिटांत शेजारचे अण्णा येतात, बसतात आणि पान जुळवून होतं. म्हणून घड्याळाऐवजी क्रेट मोजावं. एक क्रेट फोडून झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढा एकच नियम.

या नियमाला रातांबा स्वतःच मदत करतो. चार फळं फोडली की बोटं जांभळी आणि चिकट होतात, आणि फोनला बोटाचा ठसा कळेनासा होतो. लक्ष विचलित होऊ नये म्हणून लोक पैसे भरून अॅप घेतात, आमच्याकडे ते झाडाला लागतं. बोटाला बारीकशी चीर असेल तर आंबट रस असा झोंबतो की डुलकीचाही प्रश्न मिटतो.

आता हिशेब. पन्नास किलो रातांब्यांतून साधारण निम्मं वजन सालाचं निघतं. सालाच्या दुप्पट साखर, म्हणजे पंचवीस किलोला साखरेचं एक अख्खं पोतं. फूडग्रेड पिंपात एक थर सालाचा, एक साखरेचा, शेवटचा थर साखरेचाच. रोज कोरड्या डावाने वरखाली करायचं, आठवड्याभरात साखर विरघळते, मग फडक्यातून गाळायचं. अॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, आम्लाने भांडंही जातं आणि रंगही. पिंप अंधारात ठेवायचं, कारण उजेडाने तो लाल रंग फिका पडतो.

खरा मोह होतो तो साखरेचा भाव चढला की. ‘दीडपट घातली तर काय होतंय?’ होतं ते जुलैत. पाकात विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 65 टक्के लागतात. त्याखाली गेलं की यीस्टला मोकळं रान मिळतं, बुडबुडे येतात, बूच फुगतं, आणि दुकानदाराच्या फडताळात मध्यरात्री फटाका वाजतो. हे प्रमाण मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि आकडा वाचायचा. मनोबल वाढवणाऱ्या सगळ्या शिबिरांपेक्षा मला हे यंत्र जास्त विश्वासाचं वाटतं, कारण ते खोटी स्तुती करत नाही.

गजाली, म्हणजे गप्पा, हा मात्र यंत्राने न सुटणारा विषय. “काय मगे, धंदो बरो आसा मा?” असं म्हणत आलेला माणूस धंद्याची चौकशी करून धंदाच बंद पाडतो. त्याला हाकलता येत नाही, कारण रातांब्याची झाडं त्याच्याच परड्यात आहेत. उपाय इतकाच, की बसायच्या बाकड्याजवळ एक जास्तीची सुरी आणि अर्धं भरलेलं क्रेट ठेवायचं. कोकणी माणूस रिकाम्या हाताने फार वेळ बोलू शकत नाही. तंटामुक्तीपासून ट्रम्पपर्यंत विषय फिरून येईतो आठ-दहा किलो फोडून होतात. साल एकीकडे आणि बिया दुसरीकडे जातात ना, तेवढं बघायचं. बियांचं पुढे मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, होतं, फुकट घालवू नये.

हे सगळं झालं हंगामाचं. खरी परीक्षा जूननंतर, कारण पावसात बॉसच नसतो. मंगळवार आणि गुरुवार यांत फरक उरत नाही, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा उद्दिष्ट गाठत नाही. लोक या दिवसांत ‘मूड येईल तेव्हा’ कागदपत्रं करायला बसतात. मूड आणि वीज एकाच वेळी येण्याची शक्यता आमच्याकडे फार कमी. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी धडधाकट असेल तर लॅपटॉप, राउटर आणि लेबल प्रिंटर सहा-सात तास चालतात. त्यावर पाऊच सीलर मात्र लावू नये, तो तापायलाच बॅटरी खातो. सीलरची टेफ्लॉन पट्टी करपली असेल तर याच दिवसांत बदलून घ्यावी, नाहीतर हंगामात पिशवी पट्टीलाच चिकटते. आमसुलं मेच्या उन्हात मीठ घातलेल्या रसाची पुटं देऊन पुरती सुकवली नसतील, तर आता त्यांवर पांढरी लव दिसू लागते. जुलैत तिच्यावर इलाज नाही, तो माल टाकायचा.

लेबलं सकाळी लावू नयेत. रात्रभर गारठलेल्या बाटलीवर दमटपणा धरलेला असतो, कागदी लेबलाचा कोपरा दुपारपर्यंत उठतो आणि ग्राहकाला माल जुना वाटतो. कोरड्या फडक्याने पुसून, अकरानंतर, आणि जमल्यास कागदाऐवजी प्लास्टिक फिल्मचं लेबल. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबर आणि बॅच नंबर यांची शाई पुसट होत नाही ना, हे ओलं बोट फिरवून बघावं.

जीएसटीची तीच तऱ्हा. दरमहा विवरण भरणाऱ्याला 3बी, म्हणजे महिन्याच्या कराचं विवरण, भरायला 20 तारीख असते, म्हणून सगळे 20 तारखेलाच बसतात. त्या दिवशी संकेतस्थळ दमतं, रेंज माडाच्या शेंड्यावर जाते आणि ओटीपी येतो तो सत्र संपल्यावर. 15 तारखेला भरा, कुणी बक्षीस देत नाही, पण उशिराचे दिवसाला 50 रुपये तरी वाचतात. विक्री शून्य असली तरी भरावंच लागतं, तिथे दंड दिवसाला 20 रुपये. शून्य विवरण 14409 वर एसएमएस करूनही जातं, त्याला परसातल्या दगडावर उभं राहून मिळणारी एक कांडी रेंज पुरते.

वसुलीबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, त्यापुढे व्याज. कायद्यात ‘गणपती झाल्यावर बघू’ अशी मुदत नाही. पण दुकानदार बायकोचा मामा असेल तर कलम वाचून कोण दाखवणार? बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापून ठेवावी, म्हणजे आपल्याला काही बोलावं लागत नाही. आणि आठवडी बाजाराच्या दुसऱ्या सकाळी जावं, तेव्हा गल्ला भरलेला असतो.

गणपतीत मुंबईहून काका येतात. कोकणात किती स्कोप आहे, आपण मार्केटिंगमध्ये कसे कमी पडतो, हे माजघरात बसून समजावतात आणि निघताना चार बाटल्या पिशवीत घालतात. पैशांचा विषय त्यांनाही अवघडतो, आपल्यालाही. त्या बाटल्या वहीत ‘नमुना वाटप’ म्हणून लगेच लिहाव्यात. न लिहिल्यास मार्चमध्ये साठा जुळत नाही. आणि भेट किंवा फुकट नमुना म्हणून दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, घेतलं असल्यास परत करावं लागतं. म्हणजे काकांनी सल्ला फुकट दिला तरी त्यावरचा कर आपणच भरायचा.