बेरीज सोपी, माणूस अवघड

"दादा, पायथनमध्ये कॅल्क्युलेटर केलाय, एकदम मस्त चालतोय. जरा कोड सुधारून दे ना," असं म्हणणाऱ्याचा कॅल्क्युलेटर खरोखरच चालत असतो. कारण तो आजवर त्याने एकट्यानेच चालवलेला असतो, आणि काय टाइप करायचं नाही हे त्याला पाठ असतं. काळ्या पडद्यावरच्या या प्रोग्रामात गणित जेमतेम चार ओळींचं. उरलेल्या ओळी कीबोर्डासमोरच्या माणसाच्या बंदोबस्तासाठी लिहायच्या असतात, आणि नेमक्या त्याच कुणी लिहिलेल्या नसतात.

पायथन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेत वापरणाऱ्याचं टाइपिंग घेणारं इनपुट फंक्शन जे हातात देतं तो आकडा नसतो, मजकूर असतो. त्यामुळे ५ आणि ५ यांची बेरीज ५५ येते. वजाबाकी निदान टाइपएरर नावाची चूक दाखवून बोंब तरी मारते. बेरीज मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं बोलते. म्हणून आधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशही चालणाऱ्या आकड्यात, रूपांतर. मग कुणीतरी आकड्याच्या जागी 'पाच' असं अक्षरी लिहितो आणि पडद्यावर ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्राम कुठे कोसळला याचा लांबलचक पाढा, सांडतो.

इथे हौशी मंडळी इझ-डिजिट नावाची 'सगळे अंकच आहेत का' ही तपासणी बसवतात. ती -५ ला नाकारते, २.५ ला नाकारते, आणि वर्गाच्या छोट्या ² ला मात्र आत सोडते, ज्यावर फ्लोट लगेच कोसळतं. घरच्यांना अडवून चोराला सलाम ठोकणारा रखवालदार म्हणतात तो हाच. त्यापेक्षा ट्राय-एक्सेप्ट (करून बघ, चूक आली तर पकड) लावून रूपांतर करा, व्हॅल्यूएरर, म्हणजे न बसणाऱ्या मजकुराची चूक, आला तर 'हा आकडा नाही' म्हणा आणि पुन्हा विचारा. हे सगळं एका फंक्शनमध्ये घाला आणि दोन्ही आकड्यांसाठी तेच वापरा. रूपांतराआधी स्वल्पविराम काढून टाका, कारण आपला माणूस १,५०,००० असंच लिहिणार आणि फ्लोटला त्यातला एकही स्वल्पविराम चालत नाही. गंमत म्हणजे देवनागरीत लिहिलेले १२ त्याला बिनतक्रार चालतात! 'इन्फ' (अनंत) आणि 'नॅन' (आकडाच नाही) हे इंग्रजी अक्षरांतले शब्दही चालतात, आणि मग उत्तर 'नॅन' येतं. मॅथ मॉड्यूलमधलं (मॉड्यूल म्हणजे तयार फंक्शनांचा संच) इझ-फायनाइट लावलं की ही पीडा टळते.

एक्सेप्टपुढे कोणती चूक पकडायची तिचं नाव लिहायचा कंटाळा करणाऱ्यांना वेगळी शिक्षा आहे. नुसता एक्सेप्ट सगळंच पकडतो, प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सीसुद्धा. बाहेर व्हाइल-ट्रूचं न संपणारं चक्र असेल तर वापरणारा जीव तोडून कंट्रोल-सी दाबतो आणि कॅल्क्युलेटर शांतपणे म्हणतो, 'कृपया योग्य संख्या द्या.' शेवटी खिडकीच बंद करावी लागते.

सभ्य मार्गाने बाहेर पडणंही सोपं नसतं. 'आणखी गणित करायचं का?' या प्रश्नाखाली अट असते: उत्तर = छोटा वाय ('यस'मधला), ऑर (किंवा) मोठा वाय. यातला दुसरा तुकडा कशाशीच ताडून पाहिलेला नसतो. तो नुसता रिकामा नसलेला मजकूर असतो, आणि पायथनच्या लेखी असा मजकूर कायम खरा. तुम्ही नाही म्हणा, नको म्हणा, हात जोडा, पुढचं गणित येणारच. उत्तर लोअरने छोट्या अक्षरांत आणा, स्ट्रिपने मोकळ्या जागा कापा आणि एकाच 'वाय'शी ताडा.

मेनू तर काढूनच टाका. '१ बेरीज, २ वजाबाकी, ३ गुणाकार' अशा यादीत तीनाला तीनाने गुणायचं तर ३, ३, ३ असं तीनदा दाबावं लागतं, आणि त्यातला कुठला तीन कशाचा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. सरळ चिन्ह विचारा. इफ-एलिफच्या ('हे असेल तर, नाहीतर ते असेल तर') शिडीऐवजी एक डिक्शनरी करा: डाव्या बाजूला चिन्ह, उजव्या बाजूला ऑपरेटर मॉड्यूलमधलं फंक्शन. × आणि ÷ यांनाही त्यातच जागा द्या, नवी क्रिया एका ओळीत बसते. हिशेब करणाऱ्या फंक्शनने फक्त उत्तर परत द्यावं, त्यात प्रिंट नको आणि इनपुट तर नकोच. नाहीतर चाचणी घ्यायला दर वेळी स्वतः समोर बसून आकडे बडवावे लागतात.

आता खरं दुखणं. ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ असं शेपूट येतं, कारण दशांश एक हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका मावतच नाही. लोक आकडा जवळच्या संख्येला नेणारं राउंड लावतात, मग राउंडने २.५ चे २ केले म्हणून पायथनला शिव्या घालतात. तो बिचारा बरोबर मधोमध आलेल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो, तसा नियमच आहे. कुणी उत्तर दाखवायच्या फॉरमॅटमध्ये 'जी' हा आटोपशीर प्रकार वापरतो. शेपूट जातं, पण सहाच अंक उरतात आणि १२३४५६७ रुपयांचं १.२३४५७ई+०६ होतं. कोणत्या दुकानदाराला हे दाखवणार?

पैशाचा हिशेब असेल तर डेसिमल, म्हणजे दशांश नेमके धरणारा आकड्याचा प्रकार, घ्या. मात्र त्याला मजकूर द्या, फ्लोट नको, फ्लोटमधला ०.१ दिलात तर तो त्याची सगळी मळमळ पन्नासहून अधिक दशांश स्थळांपर्यंत ओकून दाखवतो. डेसिमल आणलं की जुने एक्सेप्टही निकामी होतात. अक्षरं दिली तर व्हॅल्यूएरर येत नाही, इनव्हॅलिड-ऑपरेशन येतं. पाचाला शून्याने भागलं तर झिरो-डिव्हिजनएरर पकडून भागतं, पण शून्याला शून्याने भागलं की पुन्हा इनव्हॅलिड-ऑपरेशन. दोन्हींचा बाप अरिथमेटिकएरर आहे, त्यालाच पकडा.

एवढं झाल्यावर कुणीतरी हुशार येतोच: "हे सगळं कशाला? इव्हॅल लिही, एका ओळीत संपतं." संपतं खरं. इव्हॅल दिलेला मजकूर थेट पायथनचा कोड म्हणून चालवतं, त्याला गणित आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. कुणी बेरजेऐवजी फाइली पुसायची आज्ञा लिहिली तर तीही इमानेइतबारे पाळली जाते. आज्ञा सोडा, नऊचा नववा घात आणि तो पुन्हा नवावर घात म्हणून चढवला तर उत्तर ३६,९६,९३,१०० अंकी येतं आणि मशीन तिथेच बसून राहतं. नुसत्या लिहिलेल्या किमती वाचणारं लिटरल-इव्हॅल त्या मानाने सुरक्षित आहे, पण त्याला २+३ सुद्धा येत नाही. मग उरतं वाक्याची व्याकरणासारखी फोड करणारं एएसटी मॉड्यूल: वाक्य पार्स करा (म्हणजे फोडा), संख्या, चार क्रिया आणि ऋण चिन्ह एवढंच मान्य करा, बाकी सगळं परत पाठवा. कंस आणि क्रम ते मॉड्यूल स्वतः सांभाळतं.

घात द्यायचाच असेल तर घातांकाला मर्यादा घाला, आणि ^ हे चिन्ह स्वतः घाताकडे वळवा, कारण पायथनमध्ये ते झॉर (द्विमान अंकांवरची एक क्रिया) आहे आणि ५^२ म्हणजे ७. वळवून झालं की -२^२ किती, यावरून वाद होणार. पायथनच्या घाताच्या नियमाने -४, एक्सेलमध्ये ४. जे ठेवाल ते हेल्पच्या मजकुरात पहिल्याच ओळीत लिहा. वाचणार कोणी नाही, पण भांडण झालं की बोट ठेवायला जागा असते.