प्रतिपिंडे सापडली म्हणजे संसर्ग आहे असे नव्हे

निरोगी माणसाच्या रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस या जखमा पिकवणाऱ्या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे (जंतूंशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) आढळली, तर तो छुपा संसर्ग समजून उपचार घ्यावेत, हे लेखातील विधान पटत नाही. साधारण 20 ते 30 टक्के निरोगी लोकांच्या नाकात हा जिवाणू कायम मुक्काम ठोकून असतो आणि इतरांचाही लहानपणापासून त्याच्याशी संबंध येतच असतो; त्यामुळे जवळपास प्रत्येक प्रौढाच्या रक्तात त्याच्याविरुद्धची आयजीजी (रक्तातील सर्वांत सामान्य प्रकारची) प्रतिपिंडे सापडतात, मात्र त्यांचे प्रमाण माणसागणिक फार वेगळे असते. आमच्या परभणीकडे कापूस वेचताना बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी नखांभोवतीची कातडी सोलवटते. त्यातली एखादीच जखम पिकते, बाकीच्या आपसूक भरून येतात. याचे सारे श्रेय प्रतिपिंडांना देता येत नाही, कारण या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन ए प्रतिपिंडाला उलट्या बाजूने धरून ठेवते आणि मग पांढऱ्या पेशींना त्याचा उपयोग करून घेणे अवघड जाते. या जिवाणूविरुद्धच्या व्ही 710 या लसीने प्रतिपिंडे वाढत होती, तरीही शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील तिची चाचणी 2011 मध्ये थांबवावी लागली, याचा उल्लेख लेखात यायला हवा होता.