गेम बनवणारी पोरगी जुगारी नसते

आज दुपारी कर्वेनगरला एका मुंजीला गेले होते. पंगतीत मठ्ठा वाढणं चालू होतं, तेवढ्यात समोरच्या रांगेतून माझ्या भाचीला प्रश्न आला, "काय गं, अजून ते मोबाईल गेमचंच चाललंय का? त्यावर तर सरकारनं बंदी आणली ना?" चारचौघांत, मोठ्यानं. दोघं-तिघं हसले. पोरगी मान खाली घालून जेवत राहिली. दुसऱ्याच्या घरचं कार्य, म्हणून मी तिथे गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

आधी त्या बंदीचं बोलू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. रमी, पोकर, आणि क्रिकेटच्या टीम लावून पैसे मिळवा म्हणणारी ती अ‍ॅप्स. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेनं खेळायचे व्हिडिओ गेम, आणि करमणुकीचे साधे खेळ वेगळे काढलेत, त्यांना उत्तेजन द्यायचं म्हटलंय. पेपरात सगळं छापून आलं होतं. पण आपण मथळा वाचतो आणि एका घरात बसून चित्रं काढणाऱ्या, कोड लिहिणाऱ्या मुलीला सट्टेबाजांच्या ओळीत उभं करतो.

ती काय करते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या पावसाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. गेम तेव्हा अर्धवट होता. पेठांतल्या गल्ल्यांतून डबे पोचवणारी सायकल, साचलेलं पाणी, मध्येच रस्ता अडवून बसलेली म्हैस. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, खेळ. मला काही विचारू नकोस, मी सांगणार नाही." मी खेळत होते आणि ती स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्या अंगठ्याकडे बघत होती. माझा उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. ब्रेकचं बटण अगदी कोपऱ्यात होतं, तिथपर्यंत अंगठा पोचेना. मी चकार शब्द बोलले नव्हते. सकाळी चहाच्या वेळी फोन पुन्हा हातात दिला, तर बटण बरोबर माझ्या अंगठ्याखाली.

याला आपण 'मोबाईलवरचे टाइमपास' म्हणतो!

मान्य आहे, पोरं तासन्‌तास फोनमध्ये डोकं घालून बसतात आणि त्यात गेमचा वाटा मोठा आहे. पण हे तरी बघा. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन या एकट्या माणसानं २०१३ मध्ये 'फ्लॅपी बर्ड' नावाचा गेम केला. पुढच्या वर्षी तो जगभर गाजला. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात अशा बातम्या होत्या. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं तो स्वतःच्या हातानं स्टोअरवरून काढून टाकला. लोकांना त्याची सवय लागतेय हे त्याला सहन झालं नाही. रमीवाल्या एका तरी कंपनीनं आपण होऊन असं दुकान बंद केलेलं ऐकलंय?

आणि आजचा तो प्रश्न विचारणाऱ्यांच्याच नातवाला भाताचा एकेक घास भरवताना समोर फोन धरलेला होता, गेम चालू करून. मला राग त्याचा आलाय. खेळायला गेम चालतो, लॉकडाऊनमध्ये घराघरांत लुडो किंग चालला, तो नवी मुंबईत बनलाय हे किती जणांना माहीत आहे? बनवणारी आपल्या घरातली असली की मात्र 'अजून तेच का'.

भाचीनं मला समजावून सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मलाही कुठे माहीत होतं. पूर्वी फोनमध्ये गेम यायचा तर तो फोन कंपनीच्या किंवा सिमकार्डवाल्यांच्या मर्जीनं. २००८ मध्ये अ‍ॅपलनं अ‍ॅप स्टोअर उघडलं, मागोमाग अँड्रॉइडचंही दुकान आलं, आणि एकट्या माणसाचा गेम मोठ्या कंपनीच्या गेमशेजारी बसायला लागला. गूगलकडे एकदाच २५ डॉलर भरायचे, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९. गोडोसारखं गेम बनवायचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. दार उघडं झालं खरं, पण गर्दीही तेवढीच झाली. नवीन वैयक्तिक खातं असेल तर गूगल सांगतं, आधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं, मगच गेम सगळ्यांसाठी खुला करायचा अर्ज. पूर्वी २० जण लागायचे म्हणे. आमच्या सकाळी पर्वती चढणाऱ्या बायकांनी आपापले जीमेल पत्ते दिले. त्यातल्या काहींनी जन्मात गेम खेळला नव्हता. ही त्यांच्याही अंगठ्यांकडे बघत बसायची, पर्वतीच्या पायऱ्यांवर, वही घेऊन.

पैशाचं तर बोलायलाच नको. २०१४ मध्ये थ्रीज नावाचा आकड्यांचा गेम आला. करणाऱ्यांनी त्यावर वर्षाहून जास्त घालवलं होतं, किंमतही किरकोळ ठेवली होती. महिन्याभरात त्याच धर्तीचा २०४८ फुकट आला आणि सगळं जग तो खेळलं. करणारा इटालियन मुलगा कोवळा होता, हौसेनं केला आणि वाटला, त्याला मी काही म्हणत नाही. म्हणायचंय ते आपल्याला. फुकट मिळालं की मूळ कोणाचं हे विचारायचीही आपल्याला गरज वाटत नाही.

हेच आपण पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करणाऱ्या मुलांबद्दल किती वेगळं वागतो. रात्र रात्र तालमी करतात, घरचे ओरडतात, आणि आपण भरत नाट्य मंदिरात बसून कौतुकानं टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. मग त्याच वयाची मुलगी रात्रभर जागून एका सायकलचं वळण नीट करते, तिला निदान 'काय करतेस, दाखव' एवढं तरी विचारा. पुण्यातच नॉडिंग हेड्स या कंपनीच्या मुलांनी 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी २०२० मध्ये गेम पूर्ण करून जगापुढे आणला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळवलं. तो मोबाईलसाठी केलेला नव्हता, हे खरं. पण आपल्या गावातली पोरं होती ती. किती जणांनी अभिमानानं सांगितलं?

सगळ्यांचेच गेम चांगले असतात असं नाही, नकला आणि भिकार कामही भरपूर आहे. पुस्तकांतही असतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ती आता आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली आहे, एका फोनवर पाऊस अडखळत पडतो म्हणे, ते बघतेय.

तिचा गेम थोड्या दिवसांत येईल. ८९ रुपये किंमत ठेवणार आहे, जाहिराती नाहीत. लिंक इथेच टाकेन. कृपा करून मला मेसेज करून फुकट मागू नका. एफसी रोडवर एका कॉफीला याच्या दुप्पट देतो आपण. आणि खेळलात तर प्ले स्टोअरवर मराठीत दोन ओळी लिहा, कुठे अडलात, काय आवडलं नाही तेही लिहा. ती एकेक वाचते.