एका बाजूला ओढणारी गाडी आणि स्प्रिंगची कॉलर : एक खुलासा

स्पर्धेतील रेडिओ-नियंत्रित टूरिंग कार वेग घेताना एका बाजूला ओढत असेल, तर त्या कोपऱ्यातील शॉकची (चाकाचे धक्के शोषणाऱ्या, स्प्रिंग बसवलेल्या नळीची) कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबणारी आट्यांची कडी, फिरवून स्प्रिंगवरचा दाब वाढवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे आणि बहुतेक वेळा दिशाभूल करणारा आहे.

एका कोपऱ्याची कॉलर आवळल्यास त्या चाकावरील भार वाढतो, त्याच वेळी कर्णरेषेतील विरुद्ध टोकाच्या चाकावरचाही वाढतो, आणि उरलेल्या दोन चाकांवरचा तेवढाच घटतो. त्यामुळे चाकांवरचा भार मोजणाऱ्या काट्यावर आकडे जुळले, तरी मूळ दोष पिळलेल्या चॅसिसमध्ये (गाडीच्या सांगाड्यात) असेल तर तो तसाच राहतो आणि गाडी डाव्या व उजव्या वळणांत वेगवेगळी वागू लागते. कॉलरचे खरे काम जमिनीपासूनची उंची ठरवण्याचे आहे.

आधी पुढचा व मागचा असे दोन्ही अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणाऱ्या तारा) सोडवावेत. मग वरच्या डेकचे (चॅसिसच्या वरच्या पट्टीचे) स्क्रू सैल करून, चॅसिस खात्रीच्या सपाट पाटावर दाबून धरून, ते थोडे थोडे आलटून पालटून आवळावेत; एका धक्क्यात आवळलेला स्क्रूच अनेकदा पीळ निर्माण करतो. त्यानंतर डाव्या-उजव्या बाजूंचा ड्रूप (गाडी उचलल्यावर चाक किती खाली येते ते अंतर) आणि शॉकची लांबी समान आहे का, हे मोजावे. बार शेवटी जोडावेत, आणि एक चाक उचलताच दुसरे त्याच क्षणी उचलले जाते का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. स्टिअरिंगचा ट्रिम (गाडी सरळ चालावी म्हणून रिमोटवर करायची बारीक जुळवणी) तपासणेही अनेकजण विसरतात. एवढे झाल्यावरच कॉलरला हात लावावा.